अस्वलाचा मुतखडा

दीपाच्या पत्राचं उत्तर मी वर्षभर दिलं नव्हतं. दीपा माझी भाची. इंग्लंडमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टी मिळाली की तिथली नदीकाठची जुनी बाजारगावं पाहत फिरते. मामा मोबाइलला घाबरतो, म्हणून ती मला कागदावर लिहिते. एका गावात म्हणे अजूनही बाजाराची घंटा वाजल्याशिवाय कोणी गाजरसुद्धा विकत नाही. दुसऱ्या गावात नदीतल्या हंसांची दरवर्षी हजेरी घेतात. तिसऱ्या गावात नदीकाठी एक कडा आहे. त्यावरून पाणी ठिबकतं, आणि खाली दोरीला टांगलेली टोपी, मोजा, खेळण्यातलं अस्वल, सगळं काही महिन्यांत दगडासारखं होतं. पूर्वी लोक म्हणत, चेटकिणीचा शाप. आता तिथे तिकीट आहे आणि पाटी आहे: पाण्यात चुना आहे.

शेवटी तिने विचारलं होतं, "मामा, शाप मानणाऱ्या त्या गर्दीत तुम्ही असता, तर काय सांगितलं असतं?"

मी मारेगावच्या वाचनालयात जन्मभर पुस्तकं दिली-घेतली. गर्दीत मी मागे उभा राहतो. खरं उत्तर 'काही नाही' असं होतं, आणि तेवढ्यासाठी परदेशी टपालाचा खर्च करवेना.

यंदा तो कडा आमच्याकडेच आला. झरी जामणीच्या बाजूला, नाल्याच्या काठी, चुनखडीच्या खडकातून पाणी झिरपतं. गुराखी तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाणी पितात. त्यांच्यापैकी कोणाला साक्षात्कार झाला नाही. तो झाला खडेबाबांना, हे नवे बाबा इथे आले त्याच आठवड्यात. हा झिरा पोटातला मुतखडा ओढून घेतो, असा शोध त्यांनी लावला. रोग्याने अंगावरचा कपडा दोरीला टांगायचा. दोन-तीन आठवड्यांत खडा पोटातून निघून कपड्यात उतरतो आणि कपडा कडक होतो. पुरावा हातात. एवढा टणक पुरावा कोणता डॉक्टर देतो? जीपगाड्या भरभरून लोक यायला लागले. अट एकच होती, ऑपरेशन करायचं नाही. "चाकू लगा, तो झिरा रूठा," असं बाबा डोळे मिटून सांगत.

रुखमाबाई, म्हणजे दीपाची आई आणि माझी थोरली बहीण, हिचा खडा मूत्रनलिकेत अडकला होता. महिन्याच्या आत काढा, नाहीतर किडनी जाईल, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तिने ऑपरेशनची तारीख रद्द केली आणि लुगड्याचा पदर फाडून दोरीला बांधायला निघाली. धर्मांतरात आमच्या घरातून देव उठले त्याला सत्तर वर्षं होत आली. कंबर दुखायला लागल्यावर बाबांना आत यायला मात्र आठवडाही लागला नाही.

मी तिला चुन्याच्या पाण्याबद्दल सांगून पाहिलं. ती म्हणाली, "धर्मा, तू पुस्तकात वाचतं. मले दुखते."

मी पुस्तक मिटलं आणि माळ्यावरची जुनी पेटी उघडली.

तिच्यासोबत मी गेलो, आणि तिने पदर बांधला तेव्हा पिशवीतून एक पिवळं झबलं काढून मीही हळूच बांधलं. शिष्याला रोग्याचं नाव सांगितलं भुरी, वय लहान. परतताना मनात येत होतं, फसवणाऱ्याला फसवणं बरं का, आणि त्याहून जास्त, हे झबलं मऊच राहिलं तर?

राहिलं नाही. निकालाच्या दिवशी बाबा एकेक कडक कपडा उचलून नाव पुकारत होते, लोक हात जोडत होते. पिवळं झबलं निघालं. पांढरं, खरखरीत, पापडासारखं. बाबांनी ते टिचकी मारून वाजवलं आणि निदान केलं: डावी किडनी, हरभऱ्याएवढा खडा, आता पोर मोकळी झाली. रात्री किती रडायची बिचारी, हेही त्यांना दिसलं.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. म्हणून नुसतं पिशवीतून रोग्याला बाहेर काढलं आणि पुढे धरलं. एका कानाचं तपकिरी अस्वल.

मग रुखमाबाई कंबर धरून उठली.

"हे तं दीपीचं अस्वल हाय," ती म्हणाली. "झबलं मीच शिवलं होतं. याच्या पोटात कापूस हाय, बाबा. मीच भरला. खडा कुठून आला?"

बाबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा उत्तर तयार होतं: खडा अस्वलाच्या मालकिणीचा असणार.

"ते तं इंग्लंडले राह्यते," आमचा जीपवाला खेमसिंग मागून म्हणाला. "इथं मोबाइलले रेंज नाई, अन् बाबाची इंग्लंडलोक जाते."

लोक हसले, आणि त्या हसण्यात मला माझा आवाज सापडला. घरच्या कूलरचा वाळा आठवा, मी म्हणालो. उन्हाळा संपताना तो असाच पांढरा, कडक होतो. ते आपल्याच पाण्यातले क्षार. कूलरला मुतखडा झाला म्हणून कोणी कधी नारळ फोडला? इथलं पाणी चुनखडीतून येतं. ठिबकताना चुना कपड्यावर बसतो, कपडा कोणाचाही असो. बाबांच्याच ताटातलं निंबू घेऊन मी झबल्यावर पिळलं. बारीक बुडबुडे आले, चुना विरघळू लागला, खालून पिवळा रंग दिसला.

रुखमाबाईने बुडबुडे थांबेपर्यंत पाहिलं. "माहा पदर उतरव," ती मला म्हणाली. "यवतमाळले जाऊ."

ऑपरेशन झालं, खडा निघाला. किडनी वाचली, थोडक्यात.

मग मी दीपाला लिहिलं: 'त्या गर्दीत मी काही सांगू शकलो नसतो. अस्वल पुढे केलं असतं. कोणी उपाय सांगितला की एवढंच पाहावं, ज्याला रोगच नाही त्याच्यावरही तो तसाच चालतो का? चालत असेल तर तो उपाय नव्हे. हे पाहायला विद्वान लागत नाही, बोलायची लाज वाटली तरी चालतं. तुझी आई बरी आहे.'

उत्तर आणि ते चुन्यानं कडक झालेलं झबलं एकत्र बांधून मी पोस्टात नेलं. आत काय आहे, असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं. भाचीला लिहिलेलं पत्र आणि एक लहानसं झबलं, मी म्हणालो. त्यांनी पुडकं काट्यावर ठेवलं.

"झबल्याच्या मानानं जड हाय," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.