आक्षेपार्ह काही नाही

माझा धाकटा भाऊ फादर आहे आणि सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायला आलेल्या मुलांना, ईशज्ञान शिकवतो. विद्यार्थी त्याच्या पाठीमागे त्याला 'तळटीप फादर' म्हणतात. खोटं कशाला बोलू, नाव अगदी शोभतं. खिडकी लावू का विचारलं तरी हा आधी तिघा विद्वानांची मतं सांगणार.

त्याचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे दाढीवाले फादर. दोघं एकाच वर्गात शिकले, एकाच सेमिनरीत शिकवायला लागले. दाढीवाल्यांनी पापावर पुस्तक लिहिलं. आमच्याकडे फादरांचं पुस्तक छापण्याआधी बिशपसाहेबांनी नेमलेला परीक्षक वाचतो. त्याने पानोपानी आक्षेप काढले, परवानगी नाकारली. दाढीवाल्यांनी ते बाहेर छापलं आणि झालं! चर्चची पायरी कधी न चढलेले लोकही वाचायला लागले. परदेशातून भाषणांची बोलावणी काय, फोटो काय!

"ताई, एकदा माझ्यावरही बंदी येऊ दे," भाऊ म्हणाला. "मग बघ."

आणि बसला की लिहायला, देवाच्या मौनावर. टाइप करायला मी होतेच, जन्मभर कचेरीत तेच केलं. "घाबरलीस ना?" तो मध्येच विचारायचा. मी म्हणायचे, "हो रे बाबा." इकडे मला जांभया आवरत नव्हत्या. एक धीट वाक्य आलं की पाठोपाठ 'अर्थात' यायचं, आणि अर्थातनंतर सगळं होतं तिथेच.

परीक्षक तेच होते, आता पार म्हातारे झालेले. त्यांचं उत्तर आलं: आक्षेपार्ह काही नाही.

भावाने कागद उलटून मागची बाजू पाहिली. "एकही नाही?" म्हणाला. त्या दिवशी जेवला नाही. पुस्तक छापून आलं, ग्रंथालयाच्या कपाटात गेलं, कोणी हात लावला नाही. माझ्या पोटात तुटलं हो. मूर्ख असला तरी भाऊ आहे.

पुढे म्हातारे परीक्षक वारले. असा बिनधोक माणूस दुसरा कुठे मिळणार, म्हणून बिशपसाहेबांनी भावालाच परीक्षक नेमलं. आणि पहिलंच हस्तलिखित आलं ते दाढीवाल्यांच्या नव्या पुस्तकाचं!

मी उसवलेला झगा शिवून द्यायला गेले, तर स्वारी लाल पेन्सिल घेऊन वाचत बसलेली.

"ताई, पानापानावर भयंकर आहे!"

"मग कळव तसं."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. बंदी आली की दाढीवाले पुन्हा जगभर, हे त्याच्या डोक्यात शिरलेलं मला दिसलं. गालातल्या गालात हसत त्याने कागद ओढला आणि लिहिलं: आक्षेपार्ह काही नाही.

"अरे लबाडा! फादर ना तू?"

सही करता करता त्याचा हात थांबला. "ताई... म्हणजे त्या म्हाताऱ्यानेही माझ्या पुस्तकाचं हेच केलं? मुद्दाम?" चेहरा असा उजळला म्हणता! "सगळं कळलं होतं त्याला! म्हणून दाबलं मला!"

ते पुस्तक मी अक्षरन् अक्षर टाइप केलेलं. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण इतका खुश तो लहानपणानंतर दिसलाच नव्हता.

"तर काय! जळत असणार मेला," मी म्हटलं.

भावाने ठसक्यात सही केली, पेनाला टोपण लावलं आणि डोळे मिटून क्रूसाची खूण केली.

"जाऊ दे, ताई," तो म्हणाला. "मी त्याला क्षमा केली."