मुलाखतीत पाणी कोणी द्यायचं

पवईच्या तलावातल्या मगरीनं एकदा माझा पदर धरला होता. मी तिला म्हटलं, "आधी नाव सांग, गाव सांग, मग ओढ." ती लाजली आणि गेली. माझी नात मानसी लहानपणी हे खरं मानायची. आता एकोणीसची झाली. परवा म्हणाली, "आजी, मगरीला प्रश्न विचारणं सोपं असतं गं. मला कोणी विचारलं ना, की माझा घसाच बंद होतो."

तीन ठिकाणी मुलाखत देऊन आली होती पोरगी. तिन्हीकडे "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की ही जमिनीकडे बघत बसायची. आता घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात जागा होती, कॉलेज सांभाळून अर्धा दिवस. तिला ती फार हवी होती. "हे पण गेलं ना, तर मी घरीच बसते. आईबरोबर बांगड्यांना खडे चिकटवते," म्हणाली. रागानं नाही, दमून म्हणाली. या वयात एवढं दमलेलं माणूस बघून मलाच धाप लागली.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये संघमित्रा राहते. बँकेत माणसं घ्यायचं काम तिच्याकडे असतं. रविवारी ती सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांच्या खोट्या मुलाखती घेते, म्हणजे खऱ्या वेळी छाती कमी धडधडते. टेबलामागे तिघं लागतात. एक ती, दुसरे बेस्टमधून रिटायर झालेले श्यामसुंदर भाऊजी. तिसरा माणूस आलाच नाही, म्हणून मला बोलावलं. खोटं काही करायचं असलं की माझी आठवण होतेच लोकांना. लिफ्ट बंद होती. तीन मजले गुडघ्यांना शिव्या देत उतरले.

मानसीचा नंबर आला. ओढणी दोन्ही खांद्यांवर घेऊन आत आली. आम्हा तिघांना ओळीनं बसलेलं बघितलं आणि वाकून एकेकाच्या पाया पडली. भाऊजींनी सवयीनं "सुखी राहा" म्हटलं. मग ती बाहेर गेली. आम्हाला वाटलं पळाली. तर ट्रेमध्ये तीन ग्लास पाणी घेऊन परत! पाणी दिलं, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि मान खाली.

"नाव काय बेटा?" भाऊजींनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मी बोलून गेले, "मानसी. बारावीला बहात्तर टक्के. पोहे झकास करते."

संघमित्रानं पेन खाली ठेवलं. "काकू, आपण मुलगी बघायला आलोय का?"

भाऊजी एवढे हसले की पाणी शर्टावर सांडलं. मानसी हसली नाही. मीसुद्धा नाही.

कारण हे सगळं मीच शिकवलेलं. बारा वर्षांची होती तेव्हापासून. पाहुणे आले की आधी पाणी, नजर खाली, विचारलं तेवढंच बोल, बाकी मी सांगते. डॉक्टरकडे हिचं पोट दुखायचं आणि कुठे दुखतंय ते मी सांगायचे. कॉलेजच्या खिडकीवरसुद्धा मीच तोंड चालवलं. नोकरी द्यायला बसलेली माणसं तिला पाहुणेच वाटत होती.

"मानसी," मी म्हटलं, "मला बघायला आले तेव्हा मी नवऱ्याला चाळीस प्रश्न विचारले, असं मी सांगते ना?"

"हो. आजोबा घामानं भिजले."

"थाप आहे गो. माझं नावसुद्धा माझ्या वडिलांनी सांगितलं. तुझ्या आजोबांनी माझा आवाज ऐकला तो लग्नानंतर आठव्या दिवशी. 'मीठ संपलंय' म्हटलं मी."

माझी गोष्ट संपली आणि कोणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

संघमित्रानं तिला नऊ वेळा आत-बाहेर करायला लावलं. पाया पडायचं नाही, पाणी आणायचं नाही. सातव्या वेळी तिनं स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. नवव्या वेळेपर्यंत आम्ही सगळेच मेलो होतो.

मंगळवारी मी तिच्याबरोबर घाटकोपरला गेले. दुकानात केबिन-बिबिन नव्हती. मॅनेजर नंदकुमार काउंटरवरच बोलायला लागला. मला दाराशी स्टूल दिलं.

"मानसी तावडे," तिनं सांगितलं. आवाज बारीक, पण तिचा.

"गिऱ्हाइकाशी बोलायला जमेल?"

"वेळ लागतो मला. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सहा म्हाताऱ्या माणसांना मी फोनवरची अक्षरं मोठी करून दिलीत. दिसत नाही हे ती सांगत नाहीत, सर. फोन लांब धरतात. ते मला कळतं."

त्यानं मान डोलावली. आणि मग आपल्याकडे करतात तेच केलं. माझ्याकडे वळला. "आजी, दुकान आठला बंद होतं. पाठवाल ना? घरून चालेल ना?"

मानसीनं पण माझ्याकडे बघितलं. तीच जुनी नजर.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, वर मसाला लावून. जीभ दातांखाली धरली आणि समोरच्या फ्रेमा मोजायला लागले. एक गिऱ्हाईक आलं, चष्म्याचा स्क्रू घट्ट करून गेलं. मी मोजतच होते. त्या मॅनेजरला वाटलं असेल, म्हातारी बहिरी आहे.

"सर," मानसी म्हणाली, "ते मला विचारा. आठला सुटले तर नऊपर्यंत घरी पोचते. चालेल मला. परीक्षा असेल तेव्हा येणार नाही, ते आठवडाभर आधी सांगेन."

"बघतो. फोन करतो," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "आजी, जरा गप्प बस ना. दमलेय मी."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. सोमवारपासून ये, एक महिना बघू, म्हणाला.

मी बिल्डिंगभर सांगायला निघाले, पण दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी हात टेकले. पायरीवरच बसले. खालून श्यामसुंदर भाऊजी पिशवी घेऊन येत होते. "प्रेमावहिनी, काय झालं मानसीचं?"

माझ्याकडे झकास गोष्ट होती. शंभर पोरी रांगेत, मॅनेजर हात जोडून उभा.

"वर जा आणि तिलाच विचारा," मी म्हटलं. "मला दम लागलाय."

ते गेले. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग मानसीचा आवाज. सावकाश सांगत होती, पहिल्यापासून. एक शब्द वाढवून नाही. फारच मिळमिळीत गोष्ट. मी पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकली.