हवा फुकट, जोर ज्याचा त्याचा

मी हवा मारायचा पंप बोलतोय. सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा, कारण आमच्या भागात नुसतं 'पंप' म्हटलं की कुणाला विहिरीवरचा आठवतो, कुणाला पेट्रोलचा. मी त्या दोघांपेक्षा गरीब. मला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. एक माणूस लागतो, आणि तोही वाकायला तयार असलेला. हल्ली टंचाई आहे ती त्याचीच.

अंगानं मी अगदी साधा. लोखंडी नळकांडं, वर आडवी लाकडी मूठ, खाली पाय ठेवायला पट्ट्या आणि कुशीतून निघालेली रबरी नळी. आत दांड्याच्या टोकाला चामड्याचा एक वायसर आहे. तो तेलात भिजलेला असला की मी तरणा, सुकला की म्हातारा.

मला कापूरहोळच्या फाट्यावर आणलं माझ्या आताच्या मालकाच्या, फारूकच्या वडिलांनी. तिथं त्यांचं सायकलचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाराबाहेर उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दुकानाचा नियम ऐकवला : "हवा अल्लाची, पंप माझा, जोर ज्याचा त्याचा." पंक्चरचे पैसे पडत, हवेचे नाही. मात्र ते स्वतः कुणाला हवा मारून देत नसत. तालुक्याचा साहेब आला तरी त्यानं धोतर नाहीतर विजार सावरून स्वतः वाकायचं. एवढी समता मी नंतर कुठल्या कचेरीत पाहिली नाही.

माणूस कसा आहे हे त्याच्या हवा मारण्यावरून कळतं. दूधवाले घाईघाईनं दहा-बारा धक्के मारून निघत आणि संध्याकाळी पुन्हा येत. शाळामास्तर दर चार धक्क्यांना थांबून अंगठ्यानं टायर दाबत; वर्गावरही त्यांचा तसाच विश्वास असावा. एक नवा जावई बायकोसमोर जोर दाखवायला गेला आणि त्यानं ट्यूबच फोडली. पुढे सासरवाडीला तो एसटीनं येऊ लागला.

मग हमरस्ता रुंद झाला. रुंद होताना त्यानं दुकान पोटात घेतलं. वडील तोवर गेले होते. फारूकनं सामान उचललं आणि विंझरच्या अलीकडे नदीकाठच्या अरुंद रस्त्यावर बस्तान मांडलं. तिथं आनंदराव या त्याच्या जुन्या गिऱ्हाइकानं बांधालगतची पत्र्याची शेड दिली होती. जागा सुंदर. एका बाजूला गुंजवणीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं आणि समोर डोंगर. कमी होत्या त्या फक्त सायकली. पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मोटारसायकलवर बसले होते, आणि त्यांच्या हवेसाठी फाट्यावर विजेची यंत्रं आली होती.

त्या काळात मी नाही नाही ती कामं केली. वाढदिवसाचे फुगे फुगवले. ट्रॅक्टरच्या नळीतला कचरा उडवला. अंगणवाडीच्या ओल्या चुलीला फुंकर घातली. शेवटी कोपऱ्यात पडलो. माझ्या मुठीवर कोंबड्या बसू लागल्या आणि वायसर सुकून सुपारीसारखा कडक झाला. नियम मात्र फारूक जपून होता. रोज सकाळी मला दाराबाहेर ठेवायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. दिवसभर कुणी हात लावला नाही तरी.

त्याची मुलगी नुजहत. नसरापूरला तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, तिथं दाराबाहेर रांग लागते. ती आली की एकच विषय.

"अब्बा, दिवसभर हितं एकटं बसून करता काय तुमी? कोंबड्या मोजता?"

"मोजत न्हाई. वळखतो."

"माझ्या दुकानात बसा. पंखा हाय, माणसांची ये-जा हाय."

"तिथं मी काय करू? तुझ्या खुर्चीची राखण?"

तिचं चुकत नव्हतं. एकदा शेडमध्ये त्याला घेरी आली होती आणि कुणाला कळलंही नव्हतं. त्याचंही चुकत नव्हतं. खुर्चीत बसवून ठेवलेली माणसं कशी सुकतात, हे माझ्या वायसराइतकं कुणाला ठाऊक?

आणि मग या रस्त्यावर पुन्हा सायकली दिसू लागल्या. पुण्याची माणसं रविवारी गाडीवर सायकल लादून नसरापूरपर्यंत यायची आणि तिथून नदीकाठानं चालवत वेल्ह्याकडे जायची. रंगीबेरंगी, अंगाला चिकटलेले कपडे. डोक्यावर टोपली उपडी घातल्यासारखी टोपी. आनंदराव बांधावर बसून बघायचे.

"फारूकभाई, ह्यास्नी कापडं अंगावरच शिवत्यात का रं?"

"शिवू देत. सायकल चालवत्यात न्हवं."

"एवढी म्हाग सायकल, आन् तिला ष्टँड न्हाई. झाडाला टेकवत्यात, म्हसरावानी."

फारूक हसायचा, पण डोळे रस्त्यावर असायचे. एका रविवारी त्यांच्यातली अश्विनी नावाची बाई खरंच थांबली. हवा कमी झाली होती. फारूकनं घाईघाईनं माझ्या मुठीवरची कोंबडी हाकलली, मूठ पुसली आणि अभिमानानं म्हणाला, "घ्या, मारा."

तिनं वाकून नळी जोडली, पण ती बसेचना. त्या सायकलीच्या व्हॉल्व्हचं तोंड काडीसारखं बारीक. जेवढी हवा मी सोडली, तेवढी बाहेरच गेली. त्यात माझा वायसर कडक. आवाज असा निघाला की तो पंपाचा होता हे मलाच पटवून द्यावं लागलं.

"काका, याला एक छोटी टोपी लागते, पितळेची," ती म्हणाली. "माझी घरी राहिली. पुढच्या रविवारी आणते." आणि सायकल ढकलत निघून गेली.

टोपी आणते असं लोक म्हणतात. फारूकला तो निरोपाचा सभ्य प्रकार वाटला. रात्री त्यानं नुजहतला फोन केला. "ये रविवारी. भंगारवाल्याला सांग. तुझी खुर्ची काढून ठेव."

रविवारी भंगारवाला गेनू त्याचा तीनचाकी टेम्पो घेऊन आला. रिमा, साखळ्या, पंक्चरचा डबा, हातोड्या, सगळं चढलं. मी सगळ्यांत शेवटी. फारूकनं मला फडक्यानं पुसलं. भंगारात घालायची वस्तू कुणी पुसत नाही. नुजहतनं ते पाहिलं आणि ती नदीकडे तोंड करून उभी राहिली. टेम्पो निघाला. पहिल्या वळणावर भसकन आवाज झाला आणि टेम्पो एका अंगाला कलला. सामान चढवताना सांडलेला आमच्याच डब्यातला खिळा मागच्या चाकात शिरला होता.

गेनू टेम्पो ढकलत परत दुकानासमोर आला. आनंदराव बांधावरून उठलेच.

"गेन्या, दुकानच घेऊन चाललास, आता पंक्चर कुठं काढणार?"

"काका, हसू नगा. चाचा, काढा की तेवढं."

फारूक टेम्पोत चढला, स्वतःच्याच भंगारातून पाने, ठिगळ आणि सोल्युशनची नळी शोधून काढली. मग मला उतरवलं. माझा दांडा उपसून वायसरावर गोडेतेल सोडलं, बोटांनी मऊ केला. किती वर्षांनी. पंक्चर निघालं, चाक बसलं. गेनू म्हणाला, "मारा चाचा हवा."

"दुकानाचा नियम ठाऊक हाय ना? जोर ज्याचा त्याचा."

"आवो, दुकान तर बंद झालं!"

"मंग पंक्चर कुणी काढलं?"

गेनू वाकला. टेम्पोचं चाक म्हणजे सायकल नव्हे. शंभरेक धक्क्यांत तो घामानं निथळला आणि चाक अर्धंच उठलं. मग आनंदरावांनी पागोटं बाजूला ठेवलं. त्यांचे धक्के मोजके आणि शिव्या भरपूर. एवढ्यात वळणावरून रंगीत कपड्यांचा घोळका आला. पुढे अश्विनी. काय चाललंय ते तिनं पाहिलं, सायकल झाडाला टेकवली आणि विचारलं, "माझा नंबर कितवा?"

त्या चिकट कपड्यांतल्या सगळ्यांनी रांग लावली. टेम्पो बोटभर वर चढला की ओरडत होते. शेवटी मूठ नुजहतच्या हातात आली. लहानपणी ती माझ्या पट्टीवर दोन्ही पाय ठेवून नुसतीच लोंबकळायची. आता तिनं ओढणी खोचली आणि चाक कडक होईपर्यंत थांबली नाही. कुणी दाबून बघा म्हणालं नाही, तरी तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. आजोबांच्या दुकानातली सवय.

अश्विनीनं खिशातून पितळेची टोपी काढली, नखाएवढी. आपल्या सायकलीला लावली, माझी नळी त्यावर चढवली. बसली. फारूकनं हात पुढे केला नाही, नुसता मुठीकडे बोट दाखवून म्हणाला, "वाका."

गेनूनं मला पुन्हा चढवायला उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि खाली टेकवलं. "चाचा, ह्याला मी न्हेत न्हाई. नसरापूरच्या आत परत बसलं चाक, तर कुणाच्या दारात जाऊ?" मग बडबडत बाकीचं सामानही उतरवू लागला.

फारूक मुलीकडे बघत होता. तिनं खोचलेली ओढणी सोडून कपाळ पुसलं. "शनवार-रविवार हितं," ती शेवटी म्हणाली. "मी बी येईन. बाकीचं दिवस खुर्चीत."

"पंखा चालू ठिवशील?"

"ठिवीन."

त्या गोष्टीला आता एक पावसाळा उलटला. खुर्चीचे दिवस फारूक कसेबसे काढतो, असं ऐकतो. शुक्रवारी संध्याकाळपासून त्याच्या अंगात हवा भरते. शनिवारी सकाळी मी दाराबाहेर उभा असतो. माझ्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पितळेची टोपी असते, ताइतासारखी. कोंबड्या रागावल्यात, पण इलाज नाही.

तुम्ही कधी या नदीकाठच्या रस्त्यानं आलात, तर हॉर्न वाजवू नका. इथल्या शांततेवरच आमचं दुकान चालतं. विंझरच्या अलीकडे पत्र्याची शेड दिसेल. हवा फुकट आहे. वाकायची तयारी तेवढी घरून घेऊन या.