रुक्मिणीने हाक मारली नाही

आमच्या होमस्टेला खोल्या दोनच, आणि पाहुण्यांशी इंग्रजी बोलणाऱ्या बायकाही दोनच: मी आणि शेजारची रुक्मिणी. मी लेकीच्या, अक्षयाच्या, जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून शिकले, रोज दुपारी भांडी आवरल्यावर. रुक्मिणी पाहुण्यांकडूनच शिकली. ती स्वयंपाकाला यायची आणि वाढता वाढता बोलायची, "यू ईट मोर. फिश टुडे कम, टुमारो नो कम."

"अगो, असं नसतं," मी म्हणायचे.

"वयनी, तेंका समाजला मा? ताट फुडे केल्यानी."

"समजणं वेगळं, बरोबर असणं वेगळं."

"मगे तुझा बरोबर नि माझा समाजणारा. दोनय चलतत."

हे मला खुपायचं.

मार्चमध्ये चेन्नईचं एक म्हातारं जोडपं आलं. त्यांना ना हिंदी येत होती, ना मराठी. रुक्मिणी त्यांना सोलकढी कशी करतात ते सांगत होती, हात, डोळे, भुवया सगळं कामाला लावून. आजी हसून हसून बेजार. मी मध्येच, अगदी स्वच्छ इंग्रजीत, म्हणाले की हिचं मनावर घेऊ नका, ही शाळेत गेलेली नाही.

आजी हसायच्या थांबल्या. रुक्मिणीला ते कळलं असावं. तिने भांडं खाली ठेवलं नि आत गेली. मी स्वतः सातवी पास आहे, हे मात्र इंग्रजीत सांगायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. रुक्मिणी किनाऱ्यावरून धावत आली, कालवांची टोपली तशीच काखेला.

"वयनी, चल! आजोबा खडपार गेलेत. भरती इली, मागसून पाणी भरता. तेंका दिसणा नाय."

"मगे हाक नाय मारलंस?"

"तू मार. तुझा बरोबर आसता."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर नुसती भीती होती, आणि त्यातली समुद्राची अर्धीच. दरवर्षी त्या खडपावरून, समुद्रात शिरलेल्या कातळावरून, पाहुण्यांना हीच हाका मारून परत आणते.

आम्ही धावलो. आजोबा पाठमोरे, फोटो काढत होते. मधल्या घळीत पाणी गुडघ्याच्या वर आलेलं. मी तोंड उघडलं, वाक्य जुळवू लागले, आणि क्रियापद कुठलं यातच अडकले.

"रुक्मिणी, तूच."

तिने माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मग दोन्ही हात तोंडाशी धरले. "आजोबा! वॉटर कम! यू कम! नाऊ नाऊ!"

आजोबा वळले. कमरेएवढ्या पाण्यातून ती त्यांना धरून घेऊन आली. त्यांची चप्पल गेली, तिचा गुडघा खडपावर कापला.

दुपारी मी माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. शब्द मालवणीतले, सरळ, ठरवून ठेवलेले. तर तीच हळूच म्हणाली, "मी 'यू कम' म्हटलंय, ता चुकला काय गो?"

"नाय गो," मी म्हणाले. तिला ते खरं वाटलं नाही.