आभाळधनी

मी एक जुना किताब आहे, म्हणजे माणसाला दिलेली पदवी. ‘आभाळधनी’ हे माझे नाव. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत; कुणी तोंडातून काढले तरच मी जगतो.

१९७४ साली देवळीजवळच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. शाळेतल्या मोतीलाल मास्तरांनी दिवाळीनंतरच्या नाटकासाठी एक मेघनगरी रचली. तिथले ढग राजाचा हुकूम पाळत आणि वारा त्याच्या दारात पहारा देई. अशा राजाला नुसते ‘महाराज’ काय म्हणायचे? मास्तरांनी चार शब्द खोडले आणि मला लिहिले.

राजा झाला कवडू. बौद्धवस्तीत राहणारा, बबनराव सरपंचांच्या शेतात राबणारा. त्याचा आवाज असा, की “ढगांनो, थांबा!” म्हणताच रडती लेकरेसुद्धा गप्प होत. पुढे चार वर्षे तोच राजा होता. आजूबाजूच्या गावांतही लोक त्याला माझ्याच नावाने ओळखू लागले. घरी तानाबाई, त्याची बायको, चिडवायची, “या आभाळधनी, भाकर थंडी होऊन राह्यली!” तो खळखळून हसे. माझे सुखाचे दिवस तेच.

१९७८ मध्ये देवळीच्या बाजारात एका परगावच्या शेतकऱ्याने कवडूला हात जोडले. “रामराम, आभाळधनी! तुमच्यावानी राजा पाह्यला नाई.” शेजारीच बबनराव पाहुण्यांसोबत उभे होते. त्यांच्याकडे त्या शेतकऱ्याने पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी कवडूला राजाच्या पोशाखात चावडीवर बोलावले.

“कोनाचा धनी बे तू?”

“नाटकातला, मालक.”

“मंग चाल, गावाले दाखव.”

त्याची गावभर धिंड निघाली; पुढे डफडे वाजत होते. प्रत्येक दारात कवडूला वाकायला लावले, “मी कोनाचाच धनी नाई” असे म्हणायला लावले. लोक हसत होते, माझ्या नावाने ओरडत होते. इतक्या तोंडांत मी कधीच नव्हतो, आणि एकातूनही मला पळता येईना. मोतीलाल मास्तर शाळेच्या दारात उभे होते. त्यांनी पाहिले आणि ते आत गेले.

कवडू पुन्हा रंगमंचावर चढला नाही. मी मात्र शिवी झालो. राशनच्या रांगेत कुणीतरी म्हणे, “सरका, आभाळधनी आले!” तो मान खाली घालून घरी परते. हळूहळू त्याने बोलणेच सोडले. १९८४ च्या हिवाळ्यात तो तापाने गेला.

अंत्ययात्रेला मास्तर आले. हुंदका देत म्हणाले, “आमचा आभाळधनी गेला.”

तानाबाईचे डोळे कोरडे होते. “मास्तर, त्याले कवडू म्हना. त्या दिवशी तुमी तेवढं बी म्हनलं नाई.”

त्यानंतर त्या गावात मला कुणी उच्चारले नाही.

मित्रांनो, कुणाच्या तोंडी जायचे हे शब्दाच्या हाती नसते. माझी एवढीच विनवणी आहे. कुणाला किताब दिलात, तर त्याच्या वाईट दिवशी दारात उभे राहू नका. बाहेर या आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.