नेरेइदाच्या कोपराच्या मापाने

मित्रांनो, तुम्ही मला आज पाहिलंत तर माझी ओळख पटायला जरा वेळ लागेल. वरून मी डॉमिनोचं जुनं टेबल आहे. चारी कोपऱ्यांत पेले ठेवायचे गोल खळगे अजून शाबूत आहेत. खालून मात्र मी भलतंच काही दिसतो, कारण माझ्या पायांना दुसऱ्याच लाकडाचे तुकडे जोडलेले आहेत.

माझा जन्म बानी गावात एका सुताराच्या अंगणात झाला. मला करवून घेणारे एलादियो घरून स्वतःची खुर्ची घेऊन आले होते. ते खुर्चीत बसले, कोपर हवेत टेकवल्यासारखं धरलं आणि म्हणाले, "वरची फळी बरोबर इथे आली पाहिजे." सुताराने महोगनीची जाड फळी घेऊन तसंच केलं. डॉमिनोत सोंगटी नुसती ठेवून चालत नाही, ती आपटावी लागते. टेबल डगमगलं की बाकीच्यांच्या उभ्या लावलेल्या सोंगट्या पडतात, त्यांवरचे ठिपके सगळ्यांना दिसतात आणि भांडणं होतात. माझ्यावर कधी कुणाची सोंगटी पडली नाही. याचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर पत्र्याखाली माझी जागा होती. रोज संध्याकाळी एलादियो, त्यांचा खेळातला जोडीदार तान्क्रेदो आणि आळीतले आणखी दोघे जमत. मला दुसरं काही काम नव्हतं आणि नकोही होतं.

मग एलादियोंची मुलगी नेरेइदा कारखाना सोडून घरी आली. शर्ट शिवायच्या कारखान्यात वर्षानुवर्षं वाकून बसून तिची पाठ कामातून गेली होती. साठवलेल्या पैशांतून तिने एक छोटं सीएनसी मशीन घेतलं. संगणकात नक्षी काढायची, लाकडाची फळी मशीनवर घट्ट आवळायची, की फिरणारं पातं नक्षी आपोआप कोरत जातं. दुकानांच्या नि घरांच्या नावाच्या पाट्या ती करणार होती. घरात न हलणारी वस्तू एकच होती, म्हणून मशीन माझ्यावर आलं. दिवसा मी तिचा आणि संध्याकाळी खेळाचा, असं ठरलं. तान्क्रेदो आणि एलादियो रोज मशीन उचलून खाली ठेवायचे आणि रोज कुरकुरायचे.

'आपोआप' या शब्दावर फार विश्वास ठेवू नका, मित्रांनो. फळी आवळायला, भुसा काढायला, पातं बदलायला, कोरणी बरोबर चालली आहे का ते बघायला माणूस लागतोच, आणि तो उभा लागतो. मी होतो बसणाऱ्याच्या मापाचा. नेरेइदा दिवसभर माझ्यावर ओणवी असायची. थोड्याच दिवसांत तिचा एक हात कायम कंबरेवर दिसू लागला. एकदा ती वाकली ती तशीच राहिली. माझी कड धरून हळूहळू सरळ झाली आणि म्हणाली, "बाबा, मी मशीन विकते. इथेही पाठ मोडायचीच असेल तर कारखाना काय वाईट होता?"

"टेबलाला काय झालंय? मापाने केलेलं आहे," एलादियो म्हणाले.

"तुमच्या मापाने. आणि बसून."

माझे पाय वाढवले तर बसून खेळणं संपलं, हे एलादियोंना कळत होतं. पण मुलगी पुन्हा कारखान्यात जावी असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे आमच्या कोलमादोत, लोक संध्याकाळभर काउंटरला टेकून उभे असतात. एलादियो दोरीने त्या काउंटरची उंची मोजून आले.

"तिथे लोक तासन्‌तास उभे असतात. कधी कुणाची पाठ दुखलेली ऐकली आहेस?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सिमेंटच्या विटांवर माझे चारही पाय चढवले आणि मला काउंटरएवढं केलं. खेळाच्या वेळी विटा काढता येतील, हा त्यात त्यांचा हिशेब होता.

आता बघा गंमत. काउंटरवर लोक कोपरं टेकून बीअर पितात, काम करत नाहीत. शिवाय मशीनचा पाट, म्हणजे लाकूड आवळायची जागा, माझ्या फळीपेक्षा चार बोटं वर, आणि लाकूड त्याच्याही वर. नेरेइदा ठेंगणी. फळी आवळताना तिचे खांदे कानांना लागायचे. पातं कुठे टेकलंय ते तिला टाचा उंचावून बघावं लागायचं. पाठीचं दुखणं मानेत गेलं. त्यातच विटांवर माझे पाय थरथरू लागले आणि कोरलेली अक्षरं फाटल्यासारखी दिसू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी हललो. मला फार वाईट वाटलं.

तान्क्रेदो एका बेकरीची नवी पाटी बघून म्हणाला, "एलादियो, या बेकरीचं नाव लिहिताना तुझी पोर हसून गदगदत होती का?"

नेरेइदा हसली नाही. तिथल्या तिथे तिने त्याला मशीनला गिऱ्हाईक बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून उकडलेली हिरवी केळी कुस्करत होती. मला दारातून सगळं दिसत होतं. कोपरं अंगालगत, खांदे खाली, पाठ ताठ. एलादियो न्याहारीची वाट बघत दारात बसले होते. ते एकदम उठले.

"आहेस तशीच थांब."

"बाबा, गार होईल."

"होऊ दे. हात हलवू नकोस."

त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि तिच्या कोपराच्या रेषेत दाराच्या चौकटीवर खूण केली. मग तिच्या हातांकडे बघून थोडी खाली दुसरी खूण केली. "लाकूड इथे यायला हवं," ते म्हणाले.

नेरेइदा चौकटीकडे बघत राहिली. "मी स्लिपरवर आहे. कामाच्या बुटांचे तळवे जाड आहेत."

"मग घाल बूट. मी कुठे पळतोय?"

ती बूट घालून आली. खुणा पुन्हा झाल्या. खालच्या खुणेपासून लाकडाची जाडी आणि मशीनची चार बोटं वजा केली, तेव्हा माझी उंची निघाली. विटांपेक्षा बरीच कमी, आणि डॉमिनोच्या जुन्या उंचीपेक्षा जेमतेम वीतभर जास्त.

"लाकडाचे तुकडे पायांखाली नुसते सरकवून ठेवू. संध्याकाळी काढता येतील," नेरेइदा म्हणाली.

"सुटे ठेवले तर ते थरथरेल. तुझी अक्षरं बिघडतील."

"आणि तुमचा खेळ?"

एलादियोंनी माझ्या पायांना तुकडे जोडले, गोंद भरला, बोल्ट आवळले. पाय पसरू नयेत म्हणून खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या. त्या पट्ट्यांमुळे आता माझ्याशी कुणालाच गुडघे आत घेऊन बसता येत नाही.

तान्क्रेदो संध्याकाळी आला आणि त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. "आता काय, मांडीवर खेळायचं?"

"तू हरणारच आहेस. जागा कुठली का असेना," एलादियो म्हणाले, आणि दोघे कोलमादोकडे गेले.

तिथलं टेबल प्लास्टिकचं आहे. सोंगटी आपटली की सगळ्यांच्या पडतात म्हणे. एलादियो परत येऊन त्या टेबलाला शिव्या देतात. मला ते ऐकायला आवडतं, पण आता माझ्यावर कुणी सोंगटी आपटत नाही याची हळहळ वाटते. ती गेलेली नाही.

त्या बेकरीची पाटी नव्याने कोरून झाली त्या दिवशी एलादियो खुर्चीत बसून बघत होते. नेरेइदाने भुसा झटकला, पाटी सोडवली आणि ती उचलून घरात निघाली.

"हात कुठे गेला तुझा?" त्यांनी विचारलं.

"कोणता हात?"

"कंबरेवरचा."

ती थांबली. स्वतःच्या हातांकडे तिने पाहिलं. दोन्ही हातांत पाटी होती. मग ती बापाच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि तिने पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी ना कुणी ओट्याशी, इस्त्रीशी, मशीनशी रोज उभं असेल. पाठ दुखते हे ती माणसं लवकर सांगत नाहीत. तेव्हा तुम्हीच त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा, आणि मलम आणायला धावण्याआधी एकदा वाकून टेबलाचे पाय बघा.