राजाला कोणी नाही

वयाने राजा थोरला, पण घरात धाकटा तोच. तिशी ओलांडली तरी बटणं लावायला आणि तोंड पुसायला त्याला कुणीतरी लागायचं. अधूनमधून फिट यायची. बोलणं मोजकंच. धाकट्या बहिणीला तो ताई म्हणायचा, कारण आईने तसंच शिकवलं होतं. खिशाचा शर्ट घातलेला माणूस दिसला की मात्र कडक सलाम ठोकायचा, मग तो साहेब असो की शिपाई. आई हसून म्हणायची, "घरात राजा असला की आपण दोघी प्रजा. प्रजेने कुरकुर करू नये." तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने त्याला. आणि एका सकाळी नळावर बादली उचलता उचलता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

प्रजेत आता एकटी ताई उरली. ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायची. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, की घडी पुढे. दिवसभर उभं राहायचं आणि वाफ अंगावर घ्यायची. सुरुवातीला ती राजाला बरोबरच नेऊ लागली. तो टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर बसायचा आणि इस्त्री फुस्स करून वाफ सोडायची तेव्हा खुदकन हसायचा. बायकांनाही करमणूक झाली. मुकादम तर येता-जाता त्याचा सलाम परत करू लागला. पण एका दुपारी ताई धागा तोडायला वळली आणि राजाने ते फुस्स करणारं काय आहे ते हाताने बघितलं. तळवा चांगलाच पोळला.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतः राजाचा हात पाण्याखाली धरला. मग नळ बंद करत म्हणाला, "ताई, याला उद्यापासून आणू नका. मला बघवत नाही, आणि वरच्यांना कळलं तर आपण दोघंही घरी बसू."

शेजारच्या काकूंनी काही दिवस सांभाळलं. पण राजाला फिट आली की तो त्यांना आवरायचा नाही. "माझं वय झालं गं," त्या म्हणाल्या, "तो पडला तर त्याला उचलू की स्वतःला?" त्यांचं तरी काय चुकलं होतं?

मग ताई कुलूप लावून कामावर जाऊ लागली. जवळ पाणी ठेवायची, जेवण ठेवायची, स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकायची. एका संध्याकाळी कुलूप काढलं तर राजा दाराला टेकून बसलेला, कपाळ फुटलेलं, रक्त सुकून काळं पडलेलं. खाटेची कड लागली होती. किती वेळ तसा बसला होता, देव जाणे.

दवाखान्यातल्या नर्सने टाके घालता घालता विचारलं, "कोंडून जाता याला?"

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

नर्सने पुढचा टाका घातला. मग म्हणाली, "शहराच्या टोकाला निराधारांचं घर आहे. तिथे ठेवतात अशांना. पण ज्याला कोणी नाही त्यालाच. सख्खं कोणी निघालं तर परत पाठवतात."

"त्याला मी आहे ना."

"तेच तर," नर्स म्हणाली आणि तिने धागा कापला.

ताईने पुढचे काही दिवस तो विचार झटकून टाकला. पण कामावर हात इस्त्रीवर असायचा आणि जीव कुलपापाशी. शेवटी एके दिवशी तिने राजाला आंघोळ घातली, स्वच्छ शर्ट चढवला आणि बसमध्ये बसवलं. वाटेत ती शिकवत राहिली.

"तिथे मला ताई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"काही म्हणायचं नाही. गप्प राहायचं."

त्या घराच्या अधीक्षक बाई वयस्कर होत्या, आवाजाने दमलेल्या. "कुठे सापडला?"

"बसथांब्यावर. नाव राजा सांगतो. याला फिट येते, सकाळ-संध्याकाळ गोळी लागते."

बाईंनी मान वर केली. "थांब्यावर सापडलेल्या माणसाची गोळी तुम्हाला कशी ठाऊक?"

ताई राजाची कॉलर सारखी करू लागली. बाई राजाच्या शर्टाच्या कडक इस्त्रीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. पण एक ध्यानात ठेवा. बेवारस माणसाला भेटायला कोणी येत नसतं."

ताई निघाली. राजाने हाक मारली नाही. सांगितलेलं तो ऐकायचा.

सुट्टीच्या दिवशी ती रस्त्यापलीकडे उभी राहून कुंपणातून बघायची. त्याचे केस भादरले होते, अंगावर कुणाचा तरी ढगळ सदरा होता. एकदा त्याची नजर पडली. तो धावत आला नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. ताईने परतीच्या बसमध्ये तोंडावर पदर धरला तो उतरेपर्यंत काढला नाही.

नंतर एका सुट्टीला अंगणात निम्मीच माणसं दिसली. ती सरळ आत गेली आणि अधीक्षक बाईंसमोर उभी राहिली. "राजा कुठे आहे?"

"गर्दी झाली होती. काहींना दुसऱ्या गावच्या घरी हलवलं. नातेवाइकांना कळवायचं असतं, पण याला कोणी नव्हतं."

"मी त्याची बहीण आहे."

बाईंनी उठून दार लावलं. "ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण हे मी वर कळवलं, तर ते त्याला तुमच्या दारात आणून सोडतील. सांगा, घेता?"

ताईने तोंड उघडलं. तिला तो पोळलेला तळवा दिसला, दाराशी सुकलेलं रक्त दिसलं. घेते म्हणावं, तर कुणाच्या भरवशावर? नाही म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? बाईंनी वाट पाहिली, मग पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"तिथे गोळ्या देतात का?" ताईने एवढंच विचारलं.

"पुरवठा असतो तेव्हा देतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

मुकादमाच्या मिनतवाऱ्या करून तिने एक जादा सुट्टी मिळवली. बस पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "नातं काय?"

ती गप्प राहिली.

"मग आत सोडता येणार नाही."

ती भिंतीच्या कडेने मागे गेली. तिथे स्वयंपाकघराच्या दाराशी एक बाई भांडी घासत होती. ताईने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. "राजाला एवढ्या द्याल?"

"इथे राजा नावाचं कोणी नाही," ती बाई म्हणाली. "आले की नवी नावं ठेवतात. दिसायला कसा आहे?"

ताईने सांगितलं. उंची सांगितली, कपाळावरच्या खुणेबद्दल सांगितलं, हसला की खालचा दात पुढे येतो तेही सांगितलं. बाईने ओले हात पुसून पाकिटं घेतली. "बघते. बरेच आहेत तसे. पण बघते."

बसची वेळ झाली म्हणून ताई निघाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोठी ऑर्डर आली आणि मुकादमाने सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या.